पदवी नांदेडची, वर्ग उदगीरचा: स्वारातीम विद्यापीठ नेमकं चालतं कसं?

उदगीरमध्ये बीएस्सी करणाऱ्या मुलाला विचारा, 'कुठे शिकतोस?' तो कॉलेजचं नाव सांगेल. तीन वर्षांनी त्याच्या हातात जो कागद पडेल, त्यावर मात्र मोठ्या अक्षरात दुसरंच नाव असेल: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड. त्या विद्यापीठाच्या आवारात त्याने कदाचित एकदाही पाय ठेवलेला नसेल. ठेवला असेल, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: गुणपत्रिकेत काहीतरी चुकलंय.

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली या चार जिल्ह्यांत साधी पदवी घेणाऱ्या बहुतेकांची हीच गोष्ट आहे. विद्यापीठ म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी कमान, लायब्ररी, हॉस्टेल, कट्टा असं चित्र येतं. ते चित्र खोटं नाही. नांदेड शहराबाहेर, लातूर रोडवर विष्णुपुरीला सुमारे 550 एकरांचा परिसर आहे, तिथे 'संकुलं' आहेत. पण या विद्यापीठाचे बहुसंख्य विद्यार्थी तिथे शिकत नाहीत. ते किनवट, देगलूर, अहमदपूर, निलंगा, वसमत, गंगाखेड इथल्या महाविद्यालयांत शिकतात.

त्यामुळे प्रश्न पडतो तो असा: वर्गात शिकवतं कोण, पेपर काढतं कोण, नापास करतं कोण आणि तक्रार करायची तर कोणाच्या दारात? हे माहीत नसल्यामुळे किती मुलांचं सत्र वाया जातं, याचा हिशोब कोणी ठेवत नाही. म्हणून हा लेख.

'संलग्न' या शब्दाचा अर्थ

आपल्याकडची जुनी सरकारी विद्यापीठं 'संलग्नीकरण' पद्धतीने चालतात. महाविद्यालय चालवते एक शिक्षण संस्था. इमारत तिची, शिक्षकांची नेमणूक तिची, प्रवेश तिथे, हजेरी तिथे. विद्यापीठ त्या महाविद्यालयाला मान्यता देतं, अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं आणि पदवी देतं.

अभ्यासक्रम ठरवण्याचं काम विषयवार 'अभ्यास मंडळ' करतं. त्यावर विद्या परिषद शिक्कामोर्तब करते. पैसा आणि कारभार व्यवस्थापन परिषदेकडे. या सगळ्यांवर देखरेख ठेवणारी, निवडून आलेले आणि नेमलेले सदस्य असलेली मोठी सभा म्हणजे अधिसभा, म्हणजेच सिनेट. कुलगुरू हे प्रमुख अधिकारी आणि राज्यपाल हे कुलपती. ही सगळी रचना महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 या कायद्यातून येते. तो 1 मार्च 2017 पासून लागू झाला.

याला एक अपवाद आहे, स्वायत्त महाविद्यालयांचा. लातूरचं राजर्षी शाहू महाविद्यालय हे त्याचं जवळचं उदाहरण. अशा ठिकाणी अभ्यासक्रम आणि परीक्षा महाविद्यालय स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठाचीच मिळते. म्हणजे लातूरच्या एकाच रस्त्यावरच्या दोन कॉलेजांतले दोन मित्र एकाच विद्यापीठाची बीएस्सी करत असले, तरी त्यांचे पेपर वेगळे असू शकतात. सिनियरच्या जुन्या प्रश्नपत्रिका झेरॉक्स करण्याआधी हे तपासून घ्या.

चार जिल्हे याच विद्यापीठाचे, पण सगळे अभ्यासक्रम नाहीत

हा गोंधळ दरवर्षी बारावीच्या निकालानंतर होतो. विष्णुपुरीतच डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण तिथली एमबीबीएसची पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. कृषीची पदवी परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची. इंजिनिअरिंगची बरीच महाविद्यालयं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे गेली आहेत. विष्णुपुरीतच 1981 साली सुरू झालेली श्री गुरू गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था आहे, तीही स्वायत्त.

आणि हो, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयालाही स्वामी रामानंद तीर्थांचंच नाव आहे. त्याचा या विद्यापीठाशी संबंध नाही. ते बीड जिल्ह्यात येतं.

हैदराबाद ते नांदेड, व्हाया औरंगाबाद

हे विद्यापीठ 17 सप्टेंबर 1994 रोजी सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली आहे. 17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं, तो मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ (1903-1972), मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. ते आधी शिक्षक होते. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा या दोन्हींशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. 1950 साली नांदेडमध्ये सुरू झालेल्या पीपल्स कॉलेजमागेही तेच होते. नरहर कुरुंदकर पुढे याच कॉलेजचे प्राचार्य झाले.

निजामाच्या काळात नांदेडच्या मुलाला विद्यापीठ हवं असेल, तर हैदराबादचं उस्मानिया. 1918 मध्ये सुरू झालेल्या त्या विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं. घरी मराठी, कॉलेजात उर्दू. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळायला 23 ऑगस्ट 1958 उजाडला. औरंगाबादला झालेल्या त्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले होते.

पण किनवटवरून औरंगाबाद म्हणजे चारशे किलोमीटरच्या आसपास. एका सहीसाठी रात्रभर एसटीने जायचं, सकाळी खिडकीसमोर उभं राहायचं आणि 'साहेब आज नाहीत' हे ऐकून परत फिरायचं. विभाजनाच्या मागणीचं साधं कारण हेच होतं.

त्याच वर्षी दुसरी, फार मोठी गोष्ट घडली होती. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला आणि मराठवाडा पेटला. दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. लढा सोळा वर्षं चालला. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी आत्मदहन केलं. अखेर 14 जानेवारी 1994 रोजी 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला आणि आठ महिन्यांनी नांदेडचं विद्यापीठ वेगळं झालं. आज कँपसवर सेल्फी काढताना हे आठवेलच असं नाही. पण या भागात विद्यापीठाच्या नावासाठी माणसं मेली आहेत, हे ठाऊक असायला हवं.

पहिले कुलगुरू होते डॉ. जनार्दन वाघमारे. इंग्रजीचे प्राध्यापक, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक आणि लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य. 'लातूर पॅटर्न' ज्यांच्या नावाने ओळखला जातो, त्यांच्यापैकी एक.

लातूर: बारावीनंतर काय?

लातूर म्हटलं की ट्यूशन एरिया, मेस, रूम, नीट, जेईई. राज्यभरातून मुलं अकरावी-बारावीला इथे येतात. बातम्याही त्यांच्याच. निकालाच्या दिवशी गुलाल, मग होर्डिंग.

पण नीटचा निकाल लागतो, एमबीबीएसच्या जागा मोजक्याच असतात आणि होर्डिंगवर न आलेली मुलं कुठे जातात? काही रिपीट करतात. काही पुण्याला जातात. आणि मोठ्या संख्येने मुलं याच चार जिल्ह्यांत बीएस्सी, बीए, बीकॉम, बीसीएला प्रवेश घेतात. काहींसाठी ती पहिली पसंती असते, काहींसाठी उरलेली वाट. घरची शेती सांभाळत शिकणारा, दुपारी मेडिकलवर काम करणारा, लग्न ठरायच्या आत पदवी मिळवायची म्हणून धडपडणारी मुलगी, या सगळ्यांचं विद्यापीठ हेच. लातूर पॅटर्नवर आपण रील बनवतो. या मुलांवर कोणी बनवत नाही.

लातूर आणि परभणीत विद्यापीठाचे उपपरिसर आहेत. हिंगोलीला न्यू मॉडेल डिग्री कॉलेज आहे, किनवटला आदिवासी विकास व संशोधन केंद्र आहे. लातूरला स्वतंत्र विद्यापीठ हवं, ही मागणी अधूनमधून होते. औरंगाबाद लांब म्हणून नांदेड वेगळं झालं, आता नांदेडही लांब वाटतं. लातूर-नांदेड अंतर सुमारे 140 किलोमीटर आहे.

परीक्षा: इथेच खरं शिकायला मिळतं

वर्षात दोन सत्रं. हिवाळी परीक्षा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, उन्हाळी परीक्षा मार्च-एप्रिलपासून. तारखा मागे-पुढे सरकतात, हे सांगायला नको.

प्रत्येक विषयाचे गुण दोन ठिकाणांहून येतात. लेखी परीक्षा विद्यापीठाची. अंतर्गत मूल्यमापन, म्हणजे चाचणी, असाइनमेंट, सेमिनार, हे महाविद्यालयाचं. महाविद्यालय हे गुण ऑनलाइन भरतं. ते भरायचे राहिले, तर तुम्ही लेखीत कितीही लिहा, निकालात तुम्ही गैरहजर किंवा निकाल राखीव. ही चूक विद्यापीठाची समजून मुलं थेट नांदेडची बस पकडतात. तिथे उत्तर मिळतं, 'कॉलेजचं पत्र आणा.' म्हणून आधी विषय शिक्षक, मग कॉलेजचा परीक्षा विभाग. पत्र घेतल्याशिवाय विष्णुपुरी गाठू नका. पत्राची एक प्रत आवक शिक्का मारून स्वतःजवळ ठेवा. हा शिक्का म्हणजे अर्धं काम.

नापास झाल्यावर पुढच्या वर्गात जाता येतं का? ठरावीक विषयांपर्यंत येतं, त्यालाच एटीकेटी म्हणतात. किती विषय चालतील हे अभ्यासक्रमानुसार बदलतं. बीएच्या मित्राचा नियम बीफार्मसीला लागू होत नाही. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या 'भाई, चार चालतात' या मेसेजवर वर्ष पणाला लावू नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्या अभ्यासक्रमाचा अध्यादेश किंवा परिपत्रक असतं, ते वाचा.

निकाल कधी लागायला हवा? 2016 च्या कायद्यात हे लिहिलेलं आहे. शेवटच्या पेपरनंतर 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न आणि काहीही झालं तरी 45 दिवसांत. तो लागला नाही, तर कारणांचा अहवाल कुलपती आणि राज्य सरकारला द्यावा लागतो. निकाल उशिरा लागला की पुण्या-मुंबईतल्या पदव्युत्तर प्रवेशाची मुदत निघून जाते, म्हणून हा आकडा लक्षात ठेवा. निवेदन देताना 'निकाल लवकर लावा' असं लिहिण्यापेक्षा '45 दिवसांची मुदत संपली आहे' असं लिहिलं की कागदाला वजन येतं.

गुण कमी वाटले तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, ती शिक्षकाला दाखवा आणि मगच पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करा. दोन्हींना निकालानंतर मोजकेच दिवस असतात, तो काळ गावी लग्नाला जाऊन घालवू नका. मुदत हुकली तरी एक दार उघडं असतं. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात सांगितलं की, स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क परीक्षार्थीला माहिती अधिकाराखाली आहे. अर्जाला 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाहीत, आणि उत्तर 30 दिवसांत. याने गुण वाढतीलच असं नाही. पण पेपर तपासलाय कसा, हे कळतं. उत्तरपत्रिका विद्यापीठ ठरावीक काळच जपून ठेवतं, त्यामुळे इथेही उशीर नको.

क्रेडिट, एक्झिट आणि मधेच थांबलेल्या मुली

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाची रचना राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून आली. मेजर, मायनर, व्हीएससी, ओई अशा अक्षरांनी मुलं आणि शिक्षक दोघंही गोंधळलेले आहेत, त्यात लपवण्यासारखं काही नाही. सोपं गणित असं: थिअरीचे साधारण 15 तास म्हणजे एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाचे 30 तास म्हणजे एक क्रेडिट. तीन वर्षांची पदवी 120 ते 132 क्रेडिटची. चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

या बदलातली एक गोष्ट मराठवाड्यासाठी मोलाची ठरू शकते. आधी पहिलं वर्ष करून कॉलेज सुटलं, की हातात फक्त गुणपत्रिका उरायची. आता पहिल्या वर्षाचे क्रेडिट मिळवून जादा चार क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम केला, तर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनंतर पदविका. बाहेर पडल्यावर तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. ज्या मुलीचं दुसऱ्या वर्षात लग्न होतं, जो मुलगा वडिलांच्या आजारपणात शेताकडे वळतो, त्यांच्यासाठी हे दार आहे. अट एकच: क्रेडिट तुमच्या 'ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'च्या खात्यात जमा झालेले हवेत. आयडी काढला असेल, पण नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसेल, तर क्रेडिट अडकतात. कॉलेज सुटण्याआधी हे एकदा उघडून बघा.

एकच शंका राहते. छोट्या तालुक्यातल्या कॉलेजात मायनर आणि ओपन इलेक्टिव्हचे पर्याय कागदावर दहा असले, तरी शिकवायला माणूस असेल तोच पर्याय निवडावा लागतो. कायम शिक्षकांच्या जागा राज्यभर रिकाम्या आहेत. अनेक वर्ग तासिका तत्त्वावरचे शिक्षक घेतात आणि त्यांच्या नेमणुका अनेकदा सत्र सुरू झाल्यावर होतात. नेट-सेट, पीएचडी झालेले हे शिक्षक तासावर पैसे मोजून घेतात आणि पुढच्या वर्षी असतील की नाही, हे त्यांनाही माहीत नसतं.

पैशाचं काय?

प्रवेश घेताना पहिला प्रश्न: हा अभ्यासक्रम अनुदानित की विनाअनुदानित? एकाच कॉलेजात बीए अनुदानित आणि बीसीए विनाअनुदानित असू शकतं आणि शुल्कात मोठा फरक पडतो.

शिष्यवृत्ती 'महाडीबीटी' पोर्टलवर. अर्ज आधी कॉलेजच्या लॉगिनला जातो. तिथून पुढे सरकला नाही, तर विभागाला दिसतच नाही. त्यामुळे 'सबमिट' दाबून निवांत होऊ नका, स्टेटस पाहत राहा. बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

वसतिगृहात नंबर लागला नाही, तरी खोली आणि मेससाठी मदत मिळू शकते. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयम्, इतर मागासवर्गीयांसाठी सावित्रीबाई फुले आधार, आणि डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. प्रत्येकाचे निकष वेगळे.

जुलै 2024 च्या शासन निर्णयाने मुलींना 'शिक्षण मोफत' झालं असं सगळीकडे फिरलं. नीट वाचलं तर ते केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींसाठी आहे. आणि शिकवणी व परीक्षा शुल्कापुरतं. खोलीभाडं, मेस, पुस्तकं त्यात येत नाहीत.

रोज ये-जा करणाऱ्यांसाठी एसटीचा मासिक पास आहेच, विद्यार्थ्याला भाड्याच्या एक तृतीयांशच रक्कम भरावी लागते. अडचण पासची नसते, बसची असते. पाचची गाडी चुकली की पुढची कधी, हे गावागावावर ठरतं. म्हणून शेवटचा तास रिकामा दिसला, तर तो बंकच असेल असं समजू नका.

ज्ञानतीर्थ आणि सात दिवसांचा कँप

सगळं इतकं रुक्ष नाही. विद्यापीठाचा आंतरमहाविद्यालयीन युवक महोत्सव 'ज्ञानतीर्थ'. पोवाडा, लावणी, भारूड, जलसा, मूकाभिनय, एकांकिका, विडंबन. चार जिल्ह्यांतली मुलं एकत्र येण्याची ही हक्काची जागा. इथून निवडलेला संघ राज्याच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवात जातो. संशोधनासाठी 'आविष्कार' आणि खेळांसाठी 'अश्वमेध' या राज्यस्तरीय स्पर्धा आहेत.

राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला 120 तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. अनेक मुलींसाठी घराबाहेर काढलेल्या त्या पहिल्या सात रात्री असतात.

आवाज कोणाचा?

1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट विद्यार्थी निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. 2016 च्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, कागदावर. 2019 मध्ये त्या होणार होत्या, विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या, त्यानंतर रखडल्याच. त्यामुळे बसच्या वेळेपासून निकालापर्यंतचे प्रश्न मांडायला उरतात त्या विद्यार्थी संघटना आणि त्यांची निवेदनं.

एक मत मात्र तुमच्या हातात येतं, पदवी मिळाल्यावर. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांमधून दहा सदस्य निवडून जातात. परीक्षा विभागाला जाहीर सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार त्यांना असतो. पण मतदार म्हणून नाव आपोआप येत नाही, पदवी प्रमाणपत्र जोडून वेगळा अर्ज करावा लागतो. नोंदणीचं परिपत्रक निवडणुकीच्या आधी निघतं, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर. निकालाची पीडीएफ जिथे शोधता, तिथेच.